अँटीव्हायरस टाकला आणि कॉम्प्युटर हँग झाला

नवा अँटीव्हायरस टाकला, ‘तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे’ असं हिरव्या अक्षरांत झळकलं आणि त्याच संध्याकाळपासून मशीन हँग व्हायला लागलं, ही तक्रार घराघरांत आणि छोट्या ऑफिसांत नेहमी ऐकू येते. कुणाचा माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही. कुणाकडे निळा पडदा येतो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. कुणाचं तर विंडोजच्या चिन्हापुढे सरकतच नाही. दुरुस्तीच्या दुकानात नेलं की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’

या उत्तराला माझा ठाम विरोध आहे. फॉर्मॅट मारला की मुलांचे फोटो, टॅलीतला हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध हे सगळं पणाला लागतं आणि मूळ कारण कळायचं ते राहूनच जातं. मग त्याच थकलेल्या हार्डडिस्कवर तोच अँटीव्हायरस पुन्हा टाकला जातो आणि पंधरा दिवसांत मशीन परत दुकानात येतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. खरं कारण बहुतेक वेळा घरी बसून, एकही फाइल न गमावता शोधता येतं. त्यासाठी अँटीव्हायरस मशीनच्या आत नेमका कुठे बसतो, एवढं आधी समजून घ्यायला हवं.

विंडोजमध्ये ढोबळमानाने दोन थर आहेत. वरच्या थरात आपले रोजचे प्रोग्राम चालतात: वर्ड, ब्राउझर, टॅली. यातला एखादा कोसळला तर तेवढाच बंद पडतो, बाकीचं काम चालू राहतं. खालच्या थराला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवरून काय वाचायचं, कीबोर्डची कळ कुणाकडे पोचवायची, हा सगळा कारभार तिथून चालतो. ग्राफिक्स कार्डाचे, वायफायचे ड्रायव्हर या थराशी जोडलेले असतात. अँटीव्हायरसचा एक महत्त्वाचा भागही तिथेच असतो. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात.

तुम्ही वर्डच्या एखाद्या फाइलवर दोनदा क्लिक करता तेव्हा काय घडतं ते बघू. वर्ड विंडोजला सांगतो, ही फाइल उघडून दे. ती विनंती कर्नलमध्ये उतरते आणि डिस्ककडे निघते. वाटेत फिल्टर ड्रायव्हर तिला थांबवतो आणि वरच्या थरात चालणाऱ्या अँटीव्हायरसच्या सर्व्हिसला विचारतो: ही फाइल ठीक आहे का? सर्व्हिस फाइल वाचते, आपल्याकडच्या व्हायरसांच्या खुणांशी ताडून बघते, गरज पडली तर इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरलाही विचारते, आणि मग ‘जाऊ दे’ किंवा ‘अडव’ असं उत्तर देते. तोवर वर्ड थांबून राहतो. एरवी हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला जाणवत नाही. पण नुसता ब्राउझर उघडला तरी शेकडो फाइल उघडल्या जातात आणि त्यातली प्रत्येक फाइल या वाटेने जाते. पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असायचे. तिथला कारकून पावती फाडायचा थांबला की मागे ट्रकांची रांग लागायची, आणि त्या रांगेत ज्याच्याकडे जकातीचा मालच नाही तोही अडकायचा. अँटीव्हायरसची सर्व्हिस उत्तर द्यायची थांबली की कॉम्प्युटरचं नेमकं तसंच होतं. बिघाड एका प्रोग्रामचा असतो, पण थांबतं सगळंच.

हँग होण्याचं कारण हे झालं. निळा पडदा येतो तो वेगळ्या कारणाने. कर्नलमध्ये चालणारा कोड मेमरीतल्या नको त्या जागी वाचायला किंवा लिहायला गेला, तर विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं. कारण त्या थरातली चूक पुढे कुठे पसरेल, एखाद्या फाइलवर भलतंच काही लिहिलं जाईल का, याची खात्री देता येत नाही. म्हणजे निळा पडदा हा तुमची माहिती वाचवण्यासाठी मुद्दाम लावलेला ब्रेक आहे. तो का लागला याची नोंद मशीन करून ठेवतं, आणि ती नोंद पुढे फार उपयोगी पडते.

या प्रकाराचं सर्वांत मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ या शुक्रवारचं. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी मोठ्या संस्थांना सुरक्षेचं सॉफ्टवेअर पुरवते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने ग्राहकांच्या मशीनवर एक छोटी फाइल पाठवली. हल्ल्यांच्या नव्या खुणा ओळखण्यासाठीचं ते नेहमीचं अपडेट होतं. या फाइलने एकविसावी किंमत तपासायला सांगितली होती, पण मशीनवरच्या प्रोग्रामकडे तपासायला वीसच किमती होत्या. एकविसावी शोधताना तो मेमरीच्या ठरलेल्या हद्दीबाहेर वाचायला गेला. तो कर्नलमध्ये चालत असल्यामुळे निळा पडदा आला. मशीन रीस्टार्ट झालं, तीच फाइल पुन्हा वाचली गेली, पुन्हा निळा पडदा. चूक लक्षात आल्यावर कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन कोलमडली होती. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते त्याच दिवशी. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उपाय. त्यासाठी फॉर्मॅट मारायची गरज नव्हती. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांसह, सुरू करायचं, ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये जायचं, ती एक फाइल काढून टाकायची आणि रीस्टार्ट करायचं. काम एवढंच होतं. ते एकेका मशीनपाशी जाऊन हाताने करावं लागलं, म्हणून कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस गेले.

अँटीव्हायरसला कर्नलमध्ये शिरू द्यावंच कशाला, हा प्रश्न त्यानंतर जोरात विचारला गेला. कारण साधं आहे: काही व्हायरसही तिथपर्यंत पोचतात, आणि वरच्या थरातल्या पहारेकऱ्याला ते दिसत नाहीत. ॲपलने २०१९ मध्ये मॅकवर सुरक्षा प्रोग्रामांसाठी कर्नलबाहेरचा वेगळा मार्ग काढून दिला. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तशाच दिशेने काम सुरू केल्याचं जाहीर केलं. आपल्या घरातल्या विंडोजवर मात्र अजून जुनीच रचना आहे असं धरून चालावं.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. पहिला प्रश्न: मशीन खरोखर हँग झालंय की नुसतं हळू चाललंय? अँटीव्हायरस टाकल्यावर पहिल्या दिवशी तो अख्खी डिस्क वाचून काढतो. कुठली फाइल तपासून झाली याची तो स्वतःपाशी नोंद ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तीच फाइल पुन्हा तपासायला नको. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरत्या चकतीची हार्डडिस्क असेल तर हे काम काही तास चालतं आणि तेवढा वेळ मशीन हाताळणं नकोसं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल आणि यादीत वरच अँटीव्हायरसचं नाव असेल, तर मशीन चार्जिंगला लावून रात्रभर चालू ठेवा. लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ तेवढा बंद करा. सकाळी मशीन पूर्ववत झालेलं असेल, तर बिघाड नव्हताच.

आणि टास्क मॅनेजरही उघडत नसेल तर? कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून बघा. तिचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल जिवंत आहे आणि वरच्या थरात कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलंय. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबणं शहाणपणाचं असतं. दिवा ढिम्म हलत नसेल, तर बिघाड बराच खोलवर आहे, ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून मशीन बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. काही लॅपटॉपना हा दिवा नसतो, तिथे ही परीक्षा घेता येत नाही. पण जिथे घेता येते तिथे ती अवश्य घ्यावी. फुकट आहे, आणि एका क्षणात निम्म्या शक्यता बाद करते.

हँग होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एकाच मशीनवर दोन अँटीव्हायरस असणं. ‘एकापेक्षा दोन बरे’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे ते अंगाशी येतं. एकाने तपासायला फाइल उघडली की ते उघडणं दुसऱ्याच्या फिल्टरमध्ये अडतं. दुसरा तपासायला बसला की त्याचं उघडणं पहिल्याकडे अडतं. कधीकधी दोघंही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत कायमचे थांबून राहतात. याची खूण अशी की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर दोन-तीन टक्क्यांवर निवांत दिसतो, डिस्कही शांत असते, तरी काहीच उघडत नाही.

‘मी तर एकच टाकलाय’ असं म्हणणाऱ्यांच्या मशीनवरही अनेकदा दोन निघतात. नव्या लॅपटॉपसोबत महिना-दोन महिन्यांच्या चाचणीपुरता एखादा अँटीव्हायरस आलेला असतो. त्याची मुदत संपते, पण ड्रायव्हर जागेवरच राहतात. किंवा जुना अँटीव्हायरस ‘काढला’ असं आपल्याला वाटतं आणि त्याचे अवशेष मागे उरलेले असतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर या भांडणात सहसा नसतो. दुसरा अँटीव्हायरस नीट नोंदवला गेला की तो आपणहून बाजूला होतो. पण नोंदणीत गडबड झाली तर तोही चालूच राहतो, म्हणून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तिथे कुणाचं नाव आहे ते एकदा बघावं.

अवशेष शोधायची एक खात्रीची युक्ती आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या खिडकीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फाइलच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या फिल्टरांची यादी समोर येते आणि प्रत्येकापुढे ‘अल्टिट्यूड’ नावाचा एक आकडा असतो. वाटेवर कोण आधी आणि कोण नंतर, हे त्या आकड्यावरून ठरतं. मायक्रोसॉफ्टने ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखून ठेवला आहे. डिफेंडरच्या फिल्टरचा आकडा ३२८०१०. तो दिसला तर काळजी नको. त्याखेरीज या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसली, तर तुमचा शोध बहुधा इथेच संपला.

यादीत एकच नाव असेल तर पुरावे गोळा करायचे. विंडोजमध्ये यासाठी एक उत्तम साधन आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते, याचं मला वाईट वाटतं. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येतो. तो उघडला की गेल्या काही आठवड्यांचा तक्ता दिसतो, एका दिवसाला एक उभी पट्टी. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. त्याच पट्टीत तळाशी निळी खूण असेल, तर त्यावर क्लिक केल्यावर त्या दिवशी कुठले प्रोग्राम आणि विंडोजची कुठली अपडेट बसली ते कळतं. अँटीव्हायरस ज्या तारखेला बसला त्याच्या आधी एकही लाल फुली नसेल आणि नंतर रोज असेल, तर संशय पक्का होतो. फुल्या त्याच्याही आधीपासून असतील, तर अँटीव्हायरसवर विनाकारण आळ घेतला जातोय. आणि दोन दिवस आधी विंडोजचं मोठं अपडेट बसलेलं दिसलं, तर दोघांच्या जुळणीतच खोट असू शकते.

हे जुळणीचं दुखणं खरं आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या एका मोठ्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती आणली, तेव्हा काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत आडवाटेने शिरत असल्यामुळे मशीन निळी पडायला लागली. म्हणून कंपनीने अट घातली: आपला अँटीव्हायरस या दुरुस्तीशी जुळतो अशी खूण ज्या मशीनवर असेल, त्यालाच अपडेट मिळेल. एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा तसंच झालं. विंडोज ७ आणि ८.१ असलेली, सोफोस, अवास्ट, अविरा यांसारखे अँटीव्हायरस बसवलेली अनेक मशीन महिन्याच्या अपडेटनंतर रीस्टार्ट होताना थिजली. दोन्ही वेळा वापरणाऱ्याची काडीचीही चूक नव्हती. म्हणून असं काही झालं की पहिल्यांदा अँटीव्हायरसची नवी आवृत्ती आणि विंडोजची राहिलेली अपडेट, दोन्ही पूर्ण करून बघावीत.

निळा पडदा येत असेल तर आणखी एक पुरावा हाती लागतो. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर असतं. प्रत्येक निळ्या पडद्यामागे तिथे एक छोटी फाइल साठते आणि तिच्या नावातच तारीख असते. ती वाचायला मायक्रोसॉफ्टचा ‘विनडीबीजी’ हा मोफत प्रोग्राम आहे. त्याहून सोपा हवा असेल तर निरसॉफ्टचा ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’. तो उघडला की वरच्या यादीत प्रत्येक पडझड आणि तिला कारण ठरलेल्या ड्रायव्हरचं नाव दिसतं. इथे घाई करू नये. ‘एनटीओएसकर्नल’ असं काही नाव आलं, तर ते खुद्द विंडोजच्या कर्नलचं आहे. चूक तिथे पकडली गेली एवढाच त्याचा अर्थ. ती कुणी केली हे त्यावरून कळत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशींच्या फाइल बघाव्यात. प्रत्येकीत अँटीव्हायरसच्या ड्रायव्हरचं नाव येत असेल तर दोषी सापडला. प्रत्येकीत वेगवेगळंच नाव असेल, तर रॅम खराब असण्याची शक्यता मोठी. मग स्टार्टमधून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावं.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघून अनेकजण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. मशीन नीट बंद न होता थांबलं, एवढंच ती नोंद सांगते. तुम्ही पॉवरचं बटण दाबून बंद केलंत तरीही तीच नोंद होते. त्याऐवजी तिथे ‘डिस्क’ या नावाने आलेल्या ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. सात म्हणजे डिस्कवरची जागा खराब झाली आहे. एकशे त्रेपन्न म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही, पुन्हा विचारावं लागलं.

या नोंदी सापडल्या तर सगळं चित्रच पालटतं. आपण रोज वापरतो त्या फाइल डिस्कच्या थोड्याच भागात असतात. अँटीव्हायरस मात्र पहिल्याच तपासणीत कानाकोपऱ्यातली प्रत्येक फाइल वाचतो, पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या व्हिडिओपासून विसरलेल्या बॅकअपपर्यंत. तिथे खराब झालेली जागा आली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत अडकते आणि मशीन थिजतं. दोष आधीपासूनच होता, अँटीव्हायरसने तो उघडकीला आणला. अशा वेळी अँटीव्हायरस काढला तर मशीन सुधारल्यासारखं वाटतं आणि आपण निर्धास्त होतो. मग एके दिवशी डिस्क कायमची जाते. या नोंदी दिसल्या की बाकी सगळं थांबवून आधी माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. त्यानंतर एसएसडी घालून घ्यावी. जुन्या मशीनवर याइतका सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही.

दोष अँटीव्हायरसचाच ठरला, तर तो काढायचा. नेहमीप्रमाणे सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मधून अनइन्स्टॉल करा आणि त्यानंतर ‘रीस्टार्ट’च निवडा. ‘शट डाउन’ निवडू नका. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावरच कर्नल खरोखर नव्याने सुरू होतं. यानंतर त्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून तिचं खास काढून टाकण्याचं साधन उतरवून चालवा. अवास्ट, मॅकॅफी, नॉर्टन, ईसेट अशा बहुतेक मोठ्या कंपन्या ते मोफत देतात. मागे राहिलेले ड्रायव्हर आणि नोंदी साफ होतात ते याच साधनाने. शेवटी ती पाच अक्षरांची कमांड पुन्हा चालवून यादीतलं नाव गेलंय का ते बघा.

मशीन इतकं अस्थिर असेल की अनइन्स्टॉल पूर्णच होत नाही, तर सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर पॉवरच्या चिन्हावर क्लिक करून, शिफ्टची कळ दाबून धरत ‘रीस्टार्ट’ निवडा. निळ्या मेनूत ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रीस्टार्ट’, आणि यादी आली की ४ ही कळ. लॉगिनपर्यंतही पोचत नसेल, तर सुरू होता होताच पॉवरचं बटण दाबून दोन-तीनदा बंद केलं की हा मेनू आपोआप येतो. सेफ मोडमध्ये बाहेरचे ड्रायव्हर बहुतेक सुरूच होत नाहीत. तिथे मशीन सुरळीत चाललं, तर दोष विंडोजच्या गाभ्यात नाही. पण तेवढ्याने अँटीव्हायरसच दोषी ठरत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हरही तिथे नसतो आणि तोही असाच त्रास देऊ शकतो. आणखी एक अडचण: सेफ मोडमध्ये ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सर्व्हिस एरवी बंद असते, म्हणून काही प्रोग्राम तिथे अनइन्स्टॉल व्हायला नकार देतात. कंपनीचं साधन इथेच कामाला येतं. ते आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावं.

सेफ मोडकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट हाताशी हवीच. आजकालच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने किंवा त्याच्याच धाकट्या रूपाने कुलूपबंद असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रिकव्हरी मेनूत शिरलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात शिरून बघता येते. २०२४ च्या त्या शुक्रवारी कितीतरी ऑफिसांचा खोळंबा याच किल्लीपायी लांबला. आज मशीन धडधाकट असताना ती वहीत उतरवून ठेवा.

‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्येच ‘सिस्टिम रिस्टोअर’ आहे. अँटीव्हायरस बसण्यापूर्वीच्या तारखेचा बिंदू तिथे असेल तर मशीन त्या स्थितीला नेता येतं. कागदपत्रं, फोटो जागेवर राहतात. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम तेवढे निघून जातात.

कधीकधी उलटं घडतं. अँटीव्हायरस कोसळत नाही, तर विंडोजच्या चांगल्या फाइललाच व्हायरस समजून उचलून बाजूला ठेवतो. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल अशीच संशयित ठरवली, आणि जगभरात ऑफिसंच्या ऑफिसं रीस्टार्टच्या फेऱ्यात सापडली. असा संशय आला तर अँटीव्हायरसमधलं ‘क्वारंटाइन’ उघडून त्या दिवशी काय उचललं गेलं ते बघा. विंडोज फोल्डरमधली फाइल दिसली तर ती परत जागेवर ठेवता येते. तिथे एखाद्या चोरून मिळवलेल्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ फाइल दिसली, तर मात्र ती परत आणू नका. त्यासाठी अँटीव्हायरस बंद करा असा सल्ला दुकानदाराने दिला, तर दुकान बदला. विंडोजच्या फाइल बिघडल्याची शंका उरली असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला लागून स्कॅननाऊ असं इंग्रजीत टाइप करा. बिघडलेल्या फाइल शोधून विंडोज त्या जागी मूळ प्रती बसवतं.

सगळं साफ झाल्यावर पुन्हा अँटीव्हायरस टाकायचा का? मधल्या काळात मशीन उघडं पडत नाही. दुसरा निघाला की डिफेंडर आपणहून कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’त हिरवी खूण आली की नाही तेवढं बघावं. माझं मत असं की अपडेट मिळत असलेल्या विंडोजवर, घरगुती वापरासाठी, डिफेंडर पुरेसा आहे. पुण्यात काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात क्विक हील उभा केला तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं असं काही संरक्षण नव्हतं आणि वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्यावाचून इलाज नव्हता. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो. छोट्या ऑफिसात दहा-पंधरा मशीनवर एका जागेवरून लक्ष ठेवायचं असेल, पेनड्राइव्हवर बंधनं घालायची असतील, तर विकतचा अवश्य घ्यावा. पण एकच. आणि घेतल्यावर टॅली मंदावलं, तर फक्त त्याचं डेटाचं फोल्डर तपासणीतून वगळावं. अख्खा सी ड्राइव्ह किंवा ‘डाउनलोड्स’ कधीही वगळू नये.

एवढं करूनही सुटलं नाही, तर अँटीव्हायरसच्या कंपनीशी बोलावं लागतं. तिचा फोन नंबर गूगलवर शोधू नका. मदत केंद्राच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात. ‘एनीडेस्क’सारखं ॲप उतरवायला लावून मशीनचा ताबा घ्यायचा आणि मग बँकेचं खातं रिकामं करायचं, ही त्यांची रीत. नंबर किंवा ईमेल अँटीव्हायरसच्याच ‘हेल्प’मधून किंवा खरेदीच्या कागदावरून घ्यावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. कंपनीला पाठवायच्या गोष्टी चार: अँटीव्हायरसची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, त्रास सुरू झाला ती तारीख आणि मिनीडंपच्या दोन-तीन फाइल. ‘मशीन हँग होतंय’ एवढंच लिहिलं तर उत्तरात ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ येतं. मिनीडंप पाठवला तर तो अशा माणसाकडे जातो, जो ड्रायव्हरमधली चूक खरोखर दुरुस्त करू शकतो. मात्र त्या फाइलमध्ये मशीन कोसळलं त्या क्षणीच्या मेमरीचा तुकडा असतो, म्हणून ती व्हॉट्सॲपवरच्या कुणा ओळखीच्याला न पाठवता फक्त कंपनीच्या अधिकृत तक्रार पानावरच चढवावी.